झोपलेले जनुक आणि उरलेल्या कॅप्सूल

पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका मधुमेही आजोबांच्या पाठीवर मोठे गळू झाले होते. त्यातील पू काढून मी तपासणीस पाठवला आणि औषध लिहून दिले. तेवढ्यात सूनबाईंनी पिशवीतून क्लिंडामायसिनच्या चार कॅप्सूल काढल्या. "डॉक्टर, मागच्या खेपेस बाबांना यांनीच बरे वाटले होते. याच देऊ का?" मी नुसते "नको" म्हणालो. बाहेर रुग्णांची रांग होती. कारण सांगायचे राहून गेले. वाचकहो, ते कारण आज आपल्यापुढे मांडतो.

जिवाणू आपल्यापाशी असलेली सर्व जनुके सदैव वापरत नाही. गरज पडेल तेव्हाच ती जागवतो. 1940च्या दशकात पॅरिसमध्ये जाक मोनो यांनी जिवाणूंना ग्लुकोज आणि लॅक्टोज या दोन शर्करा एकत्र दिल्या. जिवाणूंनी आधी ग्लुकोज संपवले, काही काळ त्यांची वाढ थांबली आणि मग त्यांनी लॅक्टोज वापरण्यास आरंभ केला. त्या विरामात लॅक्टोज पचवणारी विकरे तयार होत होती. ही जनुके चालू-बंद कशी होतात, याचा उलगडा मोनो आणि फ्रांस्वा जाकोब यांनी 1961 मध्ये केला. 1965 मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंपैकी काहींजवळ असेच एक झोपलेले जनुक असते. एरिथ्रोमायसिन हे औषध समोर आले की ते जागे होते. मग जिवाणू आपल्या प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवर, म्हणजे रायबोसोमवर, असा रासायनिक बदल करतो की एरिथ्रोमायसिनच नव्हे, तर क्लिंडामायसिनही तेथे चिकटू शकत नाही. एकट्या क्लिंडामायसिनने मात्र हे जनुक सहसा जागे होत नाही. त्यामुळे साध्या तपासणीत ते औषध गुणकारी भासते. प्रत्यक्ष उपचारात मात्र हे जनुक कायमचे जागे झालेले काही जिवाणू निपजू शकतात. तेच वाढत राहतात आणि औषध निष्फळ ठरते.

हे लपलेले सामर्थ्य ओळखण्याची युक्ती साधी आहे. जिवाणू पेरलेल्या काचेच्या बशीत दोन्ही औषधांच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवतात आणि बशी रात्रभर उबेत राहू देतात. क्लिंडामायसिनभोवती जिवाणूविरहित वर्तुळ उमटते. पण एरिथ्रोमायसिनच्या बाजूने ते चपटे होऊन इंग्रजी 'डी' अक्षरासारखे दिसले, तर झोपलेले जनुक तेथे आहे असे समजावे. यालाच 'डी टेस्ट' म्हणतात.

तिसऱ्या दिवशी आजोबांचा रिपोर्ट आला: डी टेस्ट पॉझिटिव्ह. सूनबाईंनी विचारले, "मग मागच्या वेळी गुण कसा आला?" प्रत्येक वेळचा जिवाणू तोच असतो असे नाही, हेच त्याचे उत्तर.

म्हणून आपणांस विनंती आहे. घरात उरलेले प्रतिजैविक स्वतःहून सुरू करू नका. पूर्वी कोणती औषधे घेतली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि रिपोर्ट आल्यावर औषध बदलले, तर आधीचे चुकले असे मानू नका. जिवाणूची खरी ओळख तेव्हा पटलेली असते. आजोबांची जखम पुढे भरून आली. त्या चार कॅप्सूल सूनबाईंनी माझ्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा मात्र मी त्यांना बसवून हे सारे सांगितले.