पिशवी शाबूत

अंगावरून पांढरं जात होतं म्हणून तालुक्याच्या शिबिरात तपासून घेतलं. काही दिवसांनी कागद हातात आला. गर्भाशयाच्या मुखाशी ‘कर्करोगपूर्व बदल’ असं त्यावर लिहिलं होतं. मला त्यातला मधला शब्दच दिसला.

जाऊबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, “पिशवी काढून टाक नि मोकळी हो. मी तिसाव्या वर्षीच झाले.” आमच्या बीड जिल्ह्यात यात नवल काही नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया तर पाळीच्या दिवसांत खाडा नको, उचल फिटली पाहिजे, म्हणून पिशवी काढून येतात. २०१९ साली सरकारी समितीने जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. मी पतसंस्थेत बसून काम करणारी, पण माझ्याही डोक्यात तोच एक इलाज. दोन गाऊन, टॉवेल, थर्मास भरून, ठेव मोडून मोठ्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाई माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, “राहायला आलात? आधी बघू तरी द्या.”

टेबलावर झोपले. शेजारी दुर्बिणीसारखं यंत्र. ते बाहेरच राहतं, आत घालत नाहीत, हे कळल्यावर निम्मी भीती उतरली. त्यांनी कापसाने काहीतरी लावलं आणि खोलीभर चायनीजच्या गाडीवरचा व्हिनेगरचा वास सुटला. वासाचं कारण तेच होतं, पाण्यात मिसळलेलं ॲसेटिक ॲसिड. मिनिटभर थांबायचं. चांगली त्वचा गुलाबी राहते, बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसू लागतात. मग आयोडीन लावलं. आता उलटं, चांगला भाग गडद तपकिरी होतो आणि बिघडलेला पिवळट राहतो. मला पडद्यावर दाखवलं. घड्याळात बारा असतात त्या जागी नखाएवढा पांढरा डाग. ज्या पांढऱ्यापायी मी आले, त्याचा नि या पांढऱ्याचा संबंध नव्हता. ते साधं इन्फेक्शन, त्याला गोळ्या दिल्या. हा डाग काही त्रास न देता गुपचूप बसलेला.

चिमट्याने कणभर तुकडा घेतला. आठवड्याने तेच सामान घेऊन पुन्हा गेले. उत्तर आलं होतं, ‘सीआयएन २’. मी विचारलं, “दुसरी स्टेज?”

“नाही हो ताई! कर्करोगाची स्टेज वेगळी. हा अजून कर्करोगच नाही. सीआयएन एक असेल तर बहुतेकदा आपोआप जातो, आम्ही नुसती नजर ठेवतो. दोन-तीन असेल तर सहसा इलाज करतो. तसंच सोडलं तरी कर्करोग व्हायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात, आणि सगळ्यांना होतही नाही.”

मूळ कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. संबंधांतून येतो म्हटल्यावर माझ्या मनात नको ते आलं. चेहरा वाचून त्याच बोलल्या, “घरी जाऊन भांडू नका. हा बहुतेकांना कधी ना कधी होतो, कित्येक वर्षं गप्प बसतो. कधी आला, कुणाकडून आला, सांगता येत नाही.” मी विचारलं, “मग गोळी द्या ना.” तर त्या विषाणूवर गोळी नाही. त्याने बिघडवलेल्या पेशींवर मात्र इलाज आहे.

तो इलाज ऐकताना मी बोटांवर मोजत होते. एक, गार करून गोठवणं: तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन मिनिटं. त्याला गॅसचं भलंमोठं नळकांडं लागतं. दोन, शेकणं: शंभर अंशांना तापलेलं टोक डागावर टेकवायचं. तीन, विजेच्या तारेच्या फासाने पातळ चकती कापणं. डाग आतल्या नळीत शिरला असेल, पूर्ण दिसत नसेल किंवा कर्करोगाचीच शंका असेल, तर पहिले दोन चालत नाहीत. शेकल्यावर तपासायला काही उरत नाही, म्हणून तुकडा आधीच काढला होता. माझा डाग अख्खा दिसत होता. शेकायचं ठरलं.

“भूल?”

“गरज नाही.”

यंत्र केस वाळवायच्या ड्रायरसारखं. सिस्टरने हात धरला. टोक टेकलं, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी कळ आली. मी आकडे मोजत होते, तिसाच्या आसपास थांबलं. पुन्हा एकदा जागा सरकवून तेवढंच. उठून बसले तर सिस्टर म्हणाली, “झालं. चहा घेणार?”

थर्मासमधला चहा आम्ही दोघींनी प्यायला.

महिनाभर पाण्यासारखा स्राव जाईल, घाबरायचं नाही. तोवर संबंध नकोत. ताप आला, घाण वास आला किंवा भरपूर रक्त गेलं तर लगेच यायचं. वर्षाने पुन्हा तपासणी. एवढ्याच सूचना. संध्याकाळच्या एसटीने घरी आले, न उघडलेल्या गाऊनसकट.

जाऊबाई वाटच बघत होत्या. “काढली?”

“नाही. शाबूत आहे.” मग व्हिनेगरपासून शेकण्यापर्यंत सगळं सांगितलं. त्या भाकरी थापायच्या थांबल्या.

“माझंही पांढरंच जायचं गं,” त्या हळूच म्हणाल्या. “मला असं काही लावून बघितलं नव्हतं. नुसतं पोट दाबलं होतं.”

तव्यावरची भाकरी करपत होती. ती मी उलटली.