नव्या बांधणीची टकटक

आपल्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात विहिरीवरचे डिझेल इंजिन म्हणजे घरातले एक कमावते माणूसच. वीज नसली की उसाची तहान त्यानेच भागवावयाची. १९४६ साली किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्यास निघाला आणि पुढे ही यंत्रे खेडोपाडी पोहोचली. असे इंजिन खोलून नव्याने बांधावे, त्यासाठी उसनवारी करावी, आणि ते सुरू होताच आतून टकटक ऐकू यावी, तेव्हा घरधन्याच्या जिवाचे काय होत असेल!

भालकीकडच्या एका कुटुंबात असेच घडले. पिस्टन नवा, रिंगा नव्या, बेअरिंगे नवी, तरी टकटक. घरधनी संतापून मला म्हणाले, "फादर, उस्तादाने जुनाच माल घातला. आता दुसऱ्याकडून खोलून घेतो."

मी म्हटले, "दादा, खोलण्याआधी त्यांनाच एकदा बोलवा."

उस्ताद आले. त्यांनी प्रथम तेलाची पातळी पाहिली. मग लांब पेचकसाचे टोक इंजिनाच्या अंगास लावून त्याची लाकडी मूठ कानाशी धरली. पट्ट्यापासून आणि फिरत्या चाकापासून ते जपून दूर उभे होते. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीस लावून हृदय ऐकले व त्यातून स्टेथोस्कोप जन्मास आला. उस्तादांची विद्या त्याच जातीची.

आवाजावरून दोष कसा ओळखावा, हे त्यांनी आम्हांस सांगितले. इंजिन थंड असताना खडखड होते आणि तापल्यावर विरते, तर पिस्टन व लायनर यांमधील जागा जास्त आहे. डिझेल बंद केल्यावर चाक आपल्याच वेगाने फिरत असता ठोका एकदम नाहीसा झाला, तर डिझेल उडण्याची वेळ किंवा नोझल तपासावे. परंतु भार पडताच खालून जड, खोल ठोका आला, तर तो बेअरिंगचा समजावा आणि इंजिन तत्काळ थांबवावे, नाही तर क्रँकच जाईल.

येथील टकटक हलकी, वरच्या बाजूची आणि चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदाच होणारी होती. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. उस्तादांनी वरचे झाकण काढून टॅपेटच्या फटीत फीलर गेजची पातळ पाती सरकविली, आणि आवाज थांबला! टॅपेटचा नट सैल राहून फट वाढली होती. इंजिन थंड होऊ दिले, पुस्तकात दिलेल्या मापाने फट बसविली, नट आवळला. नवा भाग एकही लागला नाही.

"चूक माझीच," उस्ताद म्हणाले, "पण इंजिन खोलण्याएवढी नव्हे."

घरधन्यांनी त्यांस चहा दिला. वाचकहो, तक्रार खोटी नव्हती, पण आरोप खोटा होता. आवाज केव्हा येतो, कोठून येतो आणि किती फेऱ्यांनी येतो, एवढे तीन प्रश्न आधी विचारावे. पाना त्यानंतर उचलावा, आणि रागाचा शब्दही त्यानंतरच.