मामांची कापलेली हजेरी

माझ्यासोबत मोजणीत स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, धरणाऱ्या मामांची हजेरी कापली गेली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

सुप्यात एमआयडीसी वाढली तशी आम्हा खासगी मोजणीवाल्यांची कामं वाढली. त्यातलीच एक पावसाळी नाल्याची लाईन, साधारण सात किलोमीटरची. एका टोकाला बेंचमार्क, दुसऱ्या टोकाला जुनी मोरी. कन्सल्टंटच्या पोरांनी डीजीपीएसनं, म्हणजे उपग्रहावरून, पॉइंट घेतले, आम्ही ऑटो लेव्हलनं तीच लाईन चाललो. मोरीवर दोघांच्या आरएलमध्ये, म्हणजे उंचीत, १७ सेंटिमीटरचा फरक निघाला. मीटिंगमध्ये लगेच निकाल लागला: उपग्रह चुकत नाही, स्टाफ धरणारा चुकतो. म्हणून हजेरी मामांची कापली.

सुप्यात स्टाफ धरायचा म्हणजे काय, हे एसीत बसून कळत नाही. इथल्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. त्या वाऱ्यात चार मीटरचा स्टाफ हेलकावे खातो. मामा तो दोन्ही तळव्यांत दाबून, बुडबुड्यावरची नजर न हलवता उभे राहायचे. ऊन चढलं की डांबरावर आकडे नाचायला लागतात, म्हणून आम्ही उजाडताच सुरू करून लवकर थांबायचो. मागचं-पुढचं अंतर मामा पावलांनी सारखं ठेवायचे. अशा कामात किलोमीटरच्या वर्गमुळाच्या बारापट मिलिमीटर चूक चालते, म्हणजे सात किलोमीटरला जवळजवळ ३२. आमचं जाऊन-येऊन ९ मिलिमीटरमध्ये जुळलं होतं.

मामा एवढंच म्हणाले, "जुळलंय ना? मग माझी हजेरी का कापली?"

चूक दुसरीकडंच होती. उपग्रह उंची सांगतो ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची. आपल्याला हवी असते समुद्रसपाटीपासूनची, कारण पाणी गुरुत्वाकर्षणानं वाहतं. भारतात समुद्रसपाटीचा पृष्ठभाग या लंबगोलाच्या खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त खाली. आपल्याकडं हा फरक साठ मीटरांच्या वर भरतो. गेटवे ऑफ इंडियाशी उभं राहून कच्ची उपग्रही उंची घेतली, तर ती उणे साठच्या आसपास येते! बरं, हा फरक सगळीकडं सारखा नसतो, उतरत्या छपरासारखा कलत जातो. कन्सल्टंटनं बेंचमार्कवरचा एकच आकडा धरून तो सातही किलोमीटर तसाच लावला होता. दोघांच्या आकड्यांतला फरक सुरुवातीला दोन-तीन, मध्यावर आठ-नऊ आणि शेवटी सतरा सेंटिमीटर, असा हळूहळू वाढत गेला होता. वाचनातली चूक एकाच जागी उडी मारते. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, पण तोवर चहा आला होता.

मग हट्टानं मी स्वखर्चानं तिथला या फरकाचा कल काढला. नुसत्या लाईनीवरच्या पॉइंटांनी भागत नाही, आडवा कल कळत नाही. म्हणून दोन्ही अंगांना शिवारात लेव्हल नेली, त्याच खुणांवर डीजीपीएस बराच वेळ ठेवला आणि फरकांतून एक तिरका पृष्ठभाग बसवला. दोन खुणा हिशेबाबाहेर ठेवल्या होत्या. त्यांच्या उंच्या दोन सेंटिमीटरच्या आत आल्या. समुद्रसपाटीच्या या पृष्ठभागाचं २००८चं जागतिक मॉडेल फुकट मिळतं, ते लावलं असतं तरी हा घोळ बराचसा टळला असता. मात्र आमचा पृष्ठभाग त्या पट्ट्यापुरताच. तो उचलून पवनचक्क्यांच्या डोंगरावर लावाल तर फसाल; तिथं लेव्हल नेलीय कुणी?

आणि हे सगळं टेकतं बेंचमार्कच्या जुन्या खुणांवर. १९०९ साली नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून देशाची समुद्रसपाटी ठरली, तिथून माणसांनी पायी चालत ती आत आणली. रस्ता रुंद करताना जेसीबीचा एक फटका बसला की खूण गेली. खूण उखडण्याआधी तिची उंची शेजारी उतरवून घ्यायला कितीसा वेळ लागतो?

नाल्याचा नकाशा पुढं गुपचूप दुरुस्त झाला, आमच्याच आकड्यांनी. हजेरी काही परत मिळाली नाही; ती मी माझ्या खिशातून दिली.

आता मीही उपग्रहावरून मोजणारा रोव्हर घेतलाय, आणि खरं सांगतो, सुख आहे. मामा आता त्याचा दांडा धरतात, म्हणतात, "हे हलकं आहे." बिलात मात्र लेव्हलिंगची ओळ मी वेगळी लावतो. कुणी ती खोडा म्हटलं की काम सोडतो. म्हणजे, काम लहान असलं तर.