दवबिंदूच्या वर

पाऊस लागून राहिलेल्या जुलैतल्या एका रात्री डोंबिवलीच्या घरात माझा मदरबोर्ड गेला. प्रोसेसर तासभर पूर्ण भाराखाली चालला तेव्हा काहीच झालं नाही. चाचणी थांबवून मी जेवायला उठलो, यंत्र नुसतं चालू होतं, आणि तेवढ्यात ते बंद पडलं. प्रोसेसर काढला, तर सॉकेटमध्ये पाणी.

दोष प्रोसेसर गार ठेवायला लावलेल्या पेल्टियर प्लेटांचा नव्हता. घड्याळांचा धंदा सोडून भौतिकशास्त्राकडे वळलेल्या झाँ पेल्तिए या फ्रेंच माणसाला १८३४ साली दिसलं, की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज गेली की एका दिशेने सांधा तापतो, उलट दिशेने गार होतो. आजच्या ४० मिलिमीटरच्या चौकोनी प्लेटमध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या असतात. ही प्लेट उष्णता संपवत नाही, एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे उपसते. आणि उपशाला लागलेली वीजही गरम अंगालाच जमा होते.

माझा प्रोसेसर १२५ वॅटचा. ४.० गिगाहर्ट्‌झचे ४.६ करायला व्होल्टेज १.३० वरून १.४५ वर न्यावं लागलं. उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे वेग १५ टक्के वाढला आणि उष्णता गेली १८० वॅटच्या घरात. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या १५ अँपिअरच्या दोन प्लेटा जाड तांब्याच्या पाटावर बसवल्या. १२ व्होल्टवर प्रत्येकी सुमारे १२ अँपिअर, म्हणजे आणखी २८८ वॅट. रेडिएटरला मिळून ४६८ वॅट बाहेर टाकायचे होते! गरम अंग तुंबलं की गार अंगही तापतं, म्हणून पैसे आधी रेडिएटरवर आणि पंपावर घालावेत.

पण बोर्ड गेला तो उलट कारणाने. भार उतरला, प्लेटा मात्र पूर्ण जोराने उपसतच राहिल्या आणि तांबं थंड होत गेलं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंश. त्याखालच्या पृष्ठभागाला फ्रिजमधून बाहेर काढलेल्या पाण्याच्या तांब्यासारखा घाम फुटणारच. पुण्यात एप्रिलच्या दुपारी, ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेत, दवबिंदू ११ च्या आसपास असतो. तिथे घाम फुटायला पाट आणखी बराच थंड व्हावा लागला असता.

आता सॉकेटभोवती एसीच्या नळीवर असतं तसलं बंद पेशींचं रबर आहे, फटींत सिलिकॉन ग्रीस आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तांब्यात तापमापक बसवलाय आणि पाट दवबिंदूच्या दोन अंश वर राहील एवढाच प्रवाह प्लेटांना मिळतो. तोही हळूहळू कमीजास्त होणारा, चालू-बंद नव्हे: बंद प्लेट उष्णता अडवते, आणि वारंवार तापून-निवून आतले डाख तडकतात.

मुंबईत किंवा कोकणात हे करणार असाल, तर प्लेटच्या आधी आर्द्रतामापक विकत घ्या.