मलंगगडाच्या पाइपवर

डोंबिवली पूर्वेच्या बऱ्याच गच्च्यांवरून मलंगगड दिसतो. कल्याणहून नेवाळी नाक्यावरून पायथ्याला बस जाते. पीरमाचीपर्यंत पायऱ्या आहेत, दुकानं आहेत, भाविकांची वर्दळ असते. वर सोनेमाची. तिथून बालेकिल्ल्याकडे जाणाऱ्या कातळातल्या पायऱ्या एका जागी पार तुटल्या आहेत आणि मधल्या दरीवर लोखंडी पाइप टाकलेला आहे. त्यावर पावलं ठेवून, कड्याला छाती लावून आडवं सरकायचं. १७८० साली कॅप्टन अ‍ॅबिंग्टनच्या फौजेने खालची माची घेतली, पण बालेकिल्ला त्यांना मिळाला नाही. का, ते इथे उभं राहिल्यावर कळतं.

मी पहिल्यांदा तो पाइप ओलांडला तेव्हा मनात दुसरं काहीही नव्हतं. बोटांखालचा खडबडीत कातळ, बुटाखालचं गार लोखंड, स्वतःचा श्वास, बस्स. रोज डोंबिवलीहून ठाण्याला लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्या माणसाला हे फार मोठं वाटलं. लोकलमध्येही अंग चेपून निघतं, एका पायावर उभं राहावं लागतं. पण मन कधीच ऑफिसात पोचलेलं असतं, नाहीतर कालच्या भांडणात अडकलेलं. नुसता त्रास माणसाला जागं करत नाही, त्याचीही सवय होते. पाइपवर मात्र मी होतो तिथेच होतो.

इथेच माझं चुकलं. ती अवस्था भीतीने मिळते, म्हणजे जास्त भीती तर जास्त जाग, असा हिशेब मी मांडला. मग आमच्या ट्रेकिंग ग्रुपच्या प्रत्येक मोहिमेत आणखी अवघड पॅच हवा, पायाखाली आणखी खोल दरी हवी. शेवटी मलंगगडावर परत गेलो तेव्हा सेफ्टी रोप लागायची वाट न बघता मी पाइपवरून पलीकडे गेलो. कुणी मना करण्याआधीच. त्या काही क्षणांचा मला अभिमान वाटला होता, हेही सांगायला हवं.

माझ्या मागोमाग एक कॉलेजचा मुलगा निघाला. दादा गेला म्हणजे जाता येतं, असं त्याला वाटलं असणार. मध्यावर तो थांबला. गुडघे लटपटत होते. "दादा, पाय उचलत नाहीये," एवढंच म्हणाला. मी पलीकडच्या टोकाला होतो, रोप अलीकडे होता, आणि माझ्या हातात त्याला द्यायला काही नव्हतं. हाक मारायला तोंड उघडलं, तर त्याचं नावही आठवेना. सकाळपासून तो माझ्या पाठोपाठ चालत होता.

ग्रुपमधल्या ठाण्याच्या एका ताईंनी त्याला नावाने हाक मारली. घाई न करता, एकेक पाऊल सांगत, त्याच्याशी बोलत राहिल्या. दुसऱ्या एकाने स्वतःला अँकरला बांधून घेतलं, त्याच्यापर्यंत जाऊन त्याच्या हार्नेसमध्ये कॅराबिनर अडकवला आणि त्याला मागे नेलं. त्या दिवशी बालेकिल्ल्यावर कुणीच गेलं नाही. उतरताना ताई म्हणाल्या, "त्याच्या बुटाचा सोल सुटलेला पायथ्यालाच दिसत होता. तू एकदा तरी मागे पाहिलंस का?"

पाहिलं नव्हतं. भीतीने मी जागा होत होतो, पण फक्त माझ्यापुरता. माझी बोटं, माझा श्वास, माझं पाऊल. हातभर अंतरावरच्या माणसाचा फाटका बूट त्यात कुठेच नव्हता. मी त्या मुलाला नंतर फोन करून माफी मागितली. "राहू दे दादा," म्हणाला. परत तो आमच्याबरोबर आला नाही.

त्यानंतर मी बिले द्यायला, म्हणजे पुढे जाणाऱ्याचा रोप धरून त्याला सांभाळायला शिकलो. हे काम मला आधी कमीपणाचं वाटायचं. पुढे जाणारा चढतो, बिले देणारा एका जागी बसतो. पण आडव्या पॅचवर माणूस सुटला तर सरळ खाली जात नाही, झोका घेऊन कड्यावर आपटतो. म्हणून दोन्ही बाजूंना रोप हवा आणि दोन्हीकडचा माणूस सावध हवा. ब्रेकचा हात रोपवरून क्षणभरही सुटता कामा नये. झोळ जास्त झाला तर पडणारा जास्त खाली जाणार, रोप फार ताणला तर सरकणाऱ्याचाच तोल जाणार. कातळाच्या वळणाआड गेलेला माणूस दिसत नाही. तो थांबला, वीतभर सरकला, घाबरून परत थांबला, हे सगळं तळहातातल्या रोपवरून ओळखायचं.

मला हे पाइपपेक्षा जड गेलं. छाती धडधडत नाही, त्यामुळे मन पळायला मोकळं असतं. उन्हात पाठ भाजते, पायाला मुंग्या येतात, रांगेत अजून बरेच जण असतात आणि शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकंच लक्ष द्यायचं असतं. सुरुवातीला माझं मन भरकटायचं, आणि ते कळलं की अंगावर काटा यायचा. अजूनही कधीकधी भरकटतं. तेव्हा मी स्वतःहून सांगतो की मला बदली द्या. चारचौघांत असं सांगायला पूर्वी जीभ रेटली नसती.

आता मोहिमेच्या दिवशी मी कल्याण स्टेशनवर जरा आधी पोचतो. येणाऱ्या प्रत्येकाला नाव विचारतो, आणि बस यायच्या आत सगळ्यांचे बूट पाहून घेतो.