हयातीचा दाखला

माणूस जिवंत आहे की नाही, हे त्याच्या बायकोला नुसतं बघून कळतं. सरकारला मात्र त्यासाठी दरवर्षी नोव्हेंबर उजाडावा लागतो. त्या महिन्यात आम्हां पेन्शनर मंडळींना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो घरबसल्या, संगणकाला जोडलेल्या यंत्रावर अंगठा टेकवूनही देता येतो. ‘घरबसल्या’ या शब्दाला मी भुललो. एका मित्राकडून ते अंगठ्याचं यंत्र उसनं आणलं आणि चिरंजीवांच्या दहावीच्या वेळी, २००९ साली घेतलेल्या आमच्या संगणकाचं बटण दाबलं.

पडदा काळाठिक्कर! आतून फक्त तीन शिट्या आल्या.

“डाळ शिजली वाटतं,” ही आतून म्हणाली.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या, इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाला बोलावलं. त्यानं आधी वायर काढली, मग डबा उघडला. आत धूळ एवढी, की मेथी पेरली असती तर उगवली असती.

“आजोबा, खोडरबर आहे?”

‘आजोबा’ मी निमूटपणे गिळलं आणि खोडरबर दिलं. त्यानं रॅमची पट्टी उपसली, तिच्या सोनेरी दातांवरचा मळ खोडून काढला आणि दोन्ही टोकांना ‘टक’ होईपर्यंत ती पुन्हा दाबून बसवली. शिट्या थांबल्या, पडदा उजळला. शाळेत याच खोडरबरानं मी किती गणितं खोडली, पण तेव्हा उजेड म्हणून कधी पडला नाही!

कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. एकही साइट उघडेना. प्रत्येक साइटची एक ओळखचिठ्ठी असते आणि तिला मुदत असते. आमच्या संगणकाच्या मते ती मुदत अजून सुरूच व्हायची होती. त्याच्या हिशेबानं मी निवृत्तसुद्धा झालो नव्हतो, मग हयातीचा दाखला कसला? खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, राहू द्यावी ती तारीख. मी सकाळची लोकल पकडतोय, चिरंजीव शेजारच्या खोलीत अभ्यासाचं सोंग करताहेत, गुडघे मुकाट्यानं जिने चढताहेत...

“आजोबा, सेल गेलाय.”

संगणक बंद असतानाही त्याचं घड्याळ चालू ठेवणारा, बटणाएवढा, तीन व्होल्टचा सेल. कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणला. त्यावर लिहिलं होतं ‘सीआर २०३२’.

“म्हणजे २०३२ पर्यंत काळजी नाही!” मी खूष होऊन म्हणालो.

“छे हो! व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२.”

थोडक्यात, मुदतीची हमी त्याचीही नव्हती, माझीही नव्हती. सेल बसवून तारीख हातानं लावली आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत म्हातारा झालो.

आता अंगठ्याचं यंत्र. संगणक त्याला ओळखच दाखवीना. यादीत त्याच्या नावावर पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह! “ड्रायव्हर चुकीचा आहे,” मुलगा म्हणाला. ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यातला दुभाषा. आमचा दुभाषा जुन्या विंडोजच्या काळातला निघाला. त्याला निरोप दिला, यंत्र बनवणाऱ्यांच्या साइटवरून नवा उतरवून घेतला, संगणक एकदा बंद करून चालू केला. उद्गारचिन्ह गेलं.

मी अंगठा टेकवला. नापास. पुन्हा टेकवला. पुन्हा नापास.

“रेषा झिजल्यात,” मुलगा म्हणाला.

“आयुष्यभर काम केलं ना,” मी.

“कामानं झिजल्या असत्या तर आधी माझ्या गेल्या असत्या,” ही म्हणाली. “कोरडे पडलेत हात.” तिनं ओल्या पदरानं माझा अंगठा पुसला आणि आपल्याच हातानं यंत्रावर दाबून धरला. तो हात चांगलाच खरखरीत होता. इतक्या वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

या खेपेला यंत्रानं मला ओळखलं. दाखला निघाला!

मी कृतकृत्य होऊन हिच्याकडे पाहिलं.

“झालात ना जिवंत?” ती म्हणाली. “मग आता दळण टाकून या.”