कोब्राचं दार

माझ्याकडे एक खोटी गाडी आहे. खोटी म्हणजे, चालते व्यवस्थित, पेट्रोलवर तर आडवा हात मारते, कागदपत्रंही चोख आहेत. फक्त जी दिसते ती ती नाही.

दिसायला ती १९६५ ची शेल्बी कोब्रा. कॅरोल शेल्बी नावाच्या टेक्सासच्या माणसाने (रेसिंग ड्रायव्हर, आणि मधल्या काळात कोंबड्या पाळून पाहिलेला) १९६२ मध्ये इंग्लंडच्या एसी कार्सच्या एका हलक्याफुलक्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन कोंबलं, ती ही कोब्रा. खऱ्या गाड्या बनल्या हजाराच्या आसपास. आज त्यांचे लिलावातले आकडे वाचायचे आणि गप्प आपला ईएमआय भरायचा. म्हणून मग नक्कल. स्टीलच्या नळ्यांची चौकट, वर फायबरग्लासचं अंग, आत मस्टँगचे अवयव. माझी अशीच डेट्रॉईटजवळ कुणीतरी किट आणून गॅरेजमध्ये जुळवलेली, मी सेकंडहँड घेतली.

खऱ्या कोब्राच्या दाराला बाहेरून हँडलच नसतं. वर-खाली होणारी काचही नसते, त्यामुळे सरळ आत हात घालायचा आणि उघडायचं. माझ्या गाडीतही तसंच आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. पण जुळवणाऱ्याने जुन्या दिसण्याच्या हौसेपायी लॅचही जुन्या धाटणीचा बसवला होता. स्प्रिंगवर मागे-पुढे होणारी तिरकी जीभ, आपल्या फ्लॅटच्या नाइट लॅचला असते तशी. दार आपटलं की जीभ आत जाते, समोरच्या पट्टीमागे बाहेर येते, काम झालं. "जरा जोरात आपट, बसतं ते," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. फ्लॅटला हे चालतं, कारण फ्लॅटची भिंत वळणावर वाकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाबा चिंचवडहून आले होते. आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं, त्यामुळे निवृत्त होऊनही कुठलाही सांधा दिसला की आधी बोटाने चाचपून बघणार. एका शनिवारी त्यांना घेऊन निघालो. डावीकडे जाणाऱ्या लांब वळणावर, वेग चाळीस मैलांच्या आसपास, आणि त्यांच्या बाजूचं दार उघडलं. आवाज नाही, काही नाही. नुसतं उघडलं आणि बाबांच्या कोपराखाली रस्ता पळताना दिसायला लागला. पट्टा होता. बिजागऱ्या पुढच्या बाजूला असल्याने वारा दार परत लोटत होता, एवढंच नशीब. बाबांनी दाराची कड धरून ठेवली आणि म्हणाले, "बाजूला घे. घाई नको करू."

घरी आल्यावर बायकोने एका वाक्यात निकाल दिला, "दार नीट होईपर्यंत बाबा त्या गाडीत बसणार नाहीत." बाबांना ऑगस्टमधली वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ बघायची होती, तीही कोब्रात बसून. त्याआधी हाताशी तीन वीकेंड होते.

आता तुम्ही म्हणाल, एका कडीचा एवढा काय बाऊ? तर १९५० च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाचे लोक अपघातांचा अभ्यास करत होते. त्यात दिसलं की दार उघडून बाहेर फेकली गेलेली माणसं आत राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त मरत होती. १९५६ च्या मॉडेलपासून फोर्डने दुहेरी पकडीचे लॅच दिले. १९६८ पासून तर त्यासाठी सरकारी मानकच आलं. आज त्या मानकानुसार लॅचला दोन टप्पे लागतात, आणि पूर्ण बसलेल्या लॅचने सुमारे ११,००० न्यूटन ओढ सहन करावी लागते. म्हणजे साधारण ११०० किलो टांगल्यासारखं. घरी जुळवलेल्या गाडीची अशी ओढाताण कुणी करून बघत नाही.

बाबांनी सुरुवात केली ती प्रशियन ब्लूने. टूलरूममध्ये दोन पृष्ठभाग कुठे टेकतात हे बघायला लावतात तो निळा रंग. जिभेवर बोट फिरवलं, दार लावलं, उघडलं. पट्टीवर निळा डाग उमटला जेमतेम तीन मिलिमीटरचा. मग गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्याखाली जॅक लावून चाक उचलायला सांगितलं. चौकट किंचित पिळली, दाराची फट डोळ्यांदेखत रुंद झाली, आणि बाबांनी बोट लावताच दार सुटलं. मी डीबगिंगवर पगार घेतो, पण बग इतक्या स्वच्छपणे रिप्रोड्यूस झालेला मी क्वचितच पाहिलाय.

नवीन लॅच मागवले ते रोटरी. इथे त्यांना 'बेअर क्लॉ' म्हणतात, अस्वलाचा पंजा. (आपल्याकडे नक्की वाघनख म्हणाले असते.) यात चौकटीवर स्ट्रायकरचा जाड बोल्ट असतो आणि दारातला पंजा फिरून त्याला कवेत घेतो. मागून एक खिट्टी पडते, आधी पहिल्या खाचेत, मग दुसऱ्या. टक, टक. आता दार जरा हललं तरी पंजा बोल्टला सोडत नाही, आणि बोल्टला टोपी असल्यामुळे तो पंजातून मागेही निसटत नाही.

पहिला वीकेंड नुसत्या पुठ्ठ्यात गेला. पुठ्ठ्याचा लॅच कापायचा, दारात धरायचा, पुन्हा कापायचा. मग फायबरग्लास कापणं. मास्क लावून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, तरी दोन दिवस अंग खाजत होतं. स्ट्रायकर फायबरग्लासवर बसवायला बाबांनी साफ नकार दिला. मागे स्टीलची जाड पट्टी, ती थेट चौकटीच्या नळीला बोल्टने पक्की, आणि पट्टीतली भोकं जरा मोठी, म्हणजे स्ट्रायकर चारी बाजूंना सरकवता येतो.

दुसऱ्या वीकेंडला आमचं थोडं वाजलं. मी स्ट्रायकर आत घेऊन फट झाकायला निघालो होतो. बाबा म्हणाले, "काढ तो. आधी दार बिजागरीवर सरळ कर. कडीने दार ओढून आणायचं नसतं, कडीने फक्त धरायचं असतं." मला ते तेव्हा वेळखाऊपणाचं वाटलं आणि तसं मी बोललोही. स्ट्रायकर काढून दार जुळवण्यात अख्खा रविवार गेला. त्यानंतर तो बसवला तेव्हा दार दोन बोटांनी लागलं. आपटायचं कामच नाही.

सगळ्यात नाजूक भाग मात्र आतल्या खटक्यापासून लॅचपर्यंतची सळई. ती ताणून बसवली तर खिट्टी दुसऱ्या खाचेत पूर्ण पडत नाही. दार लागल्यासारखं वाटतं, पण ते अर्ध्यावर लटकलेलं असतं, म्हणजे पुन्हा तेच दुखणं, फक्त महागातलं. म्हणून सळईत थोडी ढील ठेवायची. तपासायला दार उघडं असतानाच स्क्रू-ड्रायव्हरने पंजा फिरवायचा आणि दोन्ही टक मोजायचे. (आणि दार लावण्याआधी खटका ओढून पंजा परत उघडायचा, नाहीतर तो स्ट्रायकरवर आदळतो.)

तिसऱ्या वीकेंडला पुन्हा जॅक, पुन्हा तोच कोपरा. फट रुंद झाली. बाबांनी आधी बोट लावलं, मग तळहात, मग खांदा लावून दार ढकललं. हललं नाही. वुडवर्डवर बाबा दिवसभर कोपर दारावर टेकून बसले होते, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांपेक्षा त्यांच्या दारांच्या फटी जास्त बघत होते.

ड्रायव्हरच्या बाजूचा लॅच बाबा गेल्यावर मी एकट्याने बसवला. तो जरा कडक लागतोय, एखादी शिम घालावी लागेल असं दिसतंय. परवा फोनवर बायको त्यांना पुण्यातल्या पावसाबद्दल विचारत होती, तर मध्येच म्हणाले, "त्याला विचार, दोनशे मैलांनंतर स्ट्रायकरचे बोल्ट पुन्हा आवळलेस का?" दीडशे झालेत. उद्या-परवा आवळतो.